नावेतली नारदाची गादी

या, जवळ सरका, बाप्पा! जिवावर बेतलेली गोष्ट सांगतो.

सेक्टर सहाच्या आमच्या भजन मंडळात माझ्यासारखा कीर्तनवेडा दुसरा नाही! पण नागपूरहून बदलून आलेला रेल्वेतला धनंजय गायला लागला, की अध्यक्ष पंचफुलाबाई डोळे मिटून डोलतात. माझ्या वेळी मात्र मेथी निवडतात! पोलादाच्या प्लांटमध्ये तीस वर्षं भट्टीपाशी काढली, पण पोटातली ही धग काही औरच!

हनुमान जयंतीचं कीर्तन कोणाला द्यायचं, हे मंडळाच्या सहलीत ठरणार होतं. तलावात, नावेत बसून दोघांनी एकेक अभंग म्हणायचा. मी नवं जरीचं उपरणं घेतलं, प्रसादाच्या चाळीस प्लास्टिकच्या पन्न्या भरल्या. आता धनंजय गेला कामातून!

नावाडी ओमप्रकाशने नारिंगी जॅकेट पुढे केलं. "काका, पट्टा कस के बांधो."

"अरे, उपरणं झाकते नं!" मी जॅकेट नुसतंच खांद्यावर अडकवलं.

धनंजय बसूनच गायला. पंचफुलाबाई डोलल्या. माझी पाळी आली, अन् मी ताडकन उभा!

"काका, बैठो!" ओमप्रकाश ओरडला.

"कीर्तन काय बसून होते? नारदाची गादी हाय ते!"

"तेजराम, बसा न जी खाली!" पंचफुलाबाईंनी नावेची कड घट्ट धरली.

मी एक पाय पुढे टाकून झोकात गिरकी घेतली. नाव त्या अंगाला, मी या अंगाला, अन् पन्न्या चहूकडे!

जॅकेट कानाशी, मी तळाशी! जन्मभर देवाचं नाम घेतलं, पण वर येताच तोंडातून निघालं काय? "धनंजय, वाचव रे!"

ओमप्रकाशने उडी मारली अन् मला बखोटीला धरून नावेत लोटलं. डोळे उघडतो तर धनंजय नावेतल्या मासोळीच्या जाळीने तरंगत्या पन्न्या काढतोय!

"मी मरून राहिलो, अन् तू पन्न्या येचून राहिला?"

"तुमाले ओमप्रकाशनं धरलं होतं, काका. मासोळ्याईच्या पोटात पन्नी गेली, तर त्याईले कोण वाचवंल?"

"वा! कीर्तन यालेच!" पंचफुलाबाई म्हणाल्या. "अन् तेजराम, बाकीच्या पन्न्या तुम्ही काढा. पट्टा बांधून. बसून!"

तेव्हा मंडळी, नावेत पट्टा आवळा, बूड हलवू नका, पाण्यात काही सांडू नका. अन् देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या ओमप्रकाशची आठवण करा. धनंजयची नाही केली तरी चालते. त्याला आठवणारे लय आहेत!