आज कोणता शिमोन?

ये, इकडे जवळ येऊन बस. दारात उभी राहून काय बोलतेस, कोट काढ आधी. चार महिने झाले तुला पिस्कॅटवेत येऊन, आणि आज उगवलीस! तीही एकटी. बाळाला ठेवलंस घरी, आणि त्याचं नाव मला कळवलंस कुठे, तर ग्रुपवर. सगळ्यांबरोबर मलाही एक मेसेज. रागावले नाही गं, पण बोलल्याशिवाय मला राहवत नाही. चहा होईपर्यंत तुला आमच्या शिमोनरावांचं सांगते, म्हणजे मी का बोलले ते कळेल.

आत येताना टपालपेट्यांजवळचा बाक पाहिलास ना? तिथे रोज सकाळी नऊला ते येऊन बसतात. कानटोपी, मफलर, आणि मांडीवर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. त्यांना 'कसे आहात' विचारलं तर 'बरा आहे' असं चारचौघांसारखं उत्तर मिळत नाही. "आज मी कुरेनेकर," म्हणतात. किंवा, "आज खांबावरचा. जास्त बोलू नका."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आडनाव असेल. मी विचारलंसुद्धा, "हे कुरेनेकर कुठले? साताऱ्याकडचे का?"

त्यांनी कानटोपी वर सरकवली. मग म्हणाले, "नाही मालूताई. आफ्रिकेतले."

शिमोनराव नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. तीस वर्षांपूर्वी ड्राफ्ट्समन म्हणून देश सोडून इकडे आले, तेव्हा मुलगा योएल सहा वर्षांचा होता. त्यांच्या पत्नी रूथबाई गेल्या त्याला सात वर्षं झाली. योएल नोकरीसाठी तिकडे अल्फारेटाला, विमानाने जावं लागतं इतकं लांब. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हे एकटे आणि हा डबा. डब्यात कार्डं. प्रत्येक कार्डावर एकेक शिमोन, नकाशावर नावं घालतात तशा सरळ अक्षरात.

मला काय माहीत, बायबलात इतके शिमोन असतील! माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं मी लोकांना प्रश्न विचारून शिकले. शिमोनरावांना एक प्रश्न विचारला की सकाळ जाते. मासे धरणारा शिमोन, तो पुढे पेत्र झाला. एक कातडी कमावणारा, समुद्राकाठी घर असलेला. एक महारोगी. एक जादूगार, त्याने पैसे देऊन देवाचं सामर्थ्य विकत मागितलं. एक परुशी, म्हणजे धर्माचं काटेकोर पाळणारा, पण पाहुणा घरी आला तर पाय धुवायला पाणी दिलं नाही. बायबल संपलं तरी शिमोन संपत नाहीत. नंतरच्या काळात एक साधू खांबावर चढून बसला तो तीस-पस्तीस वर्षं उतरलाच नाही. एक देवासाठी वेडा झालेला, भर चर्चमध्ये मेणबत्त्यांवर अक्रोड फेकायचा. एक तिकडे इंग्लंडात, झाडाच्या ढोलीत राहायचा म्हणे.

"नाव एकच," शिमोनराव म्हणतात, "पण एकाचं दुसऱ्याशी जमलं नसतं. मी सगळ्यांना एका डब्यात ठेवलंय."

आणि रोज सकाळी त्यातलं एक कार्ड निघतं, ते शर्टाच्या खिशात जातं. पलीकडच्या इमारतीत ते नवे नवराबायको आले ना, त्यांची तांदळाची वीस पौंडांची पिशवी यांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. धापा टाकत बाकावर आले आणि म्हणाले, "कुरेनेकर शिमोन शेतावरून घरी चालला होता. शिपायांनी वाटेत धरला आणि दुसऱ्याचा वधस्तंभ खांद्यावर दिला. त्याने तक्रार केली का, ते कुणी लिहून ठेवलं नाही. मी करणार. तांदूळ लहान पिशवीत मिळतो."

एकदा आमच्याकडे जेवायला बोलावलं. मी गरम पोळ्यांच्या गडबडीत. हे बसले, आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या लेकीला, अंजलीला, हळूच म्हणाले, "परुश्याचं घर दिसतंय." मला अर्थ कळायला दोन दिवस लागले. कळल्यावर असा राग आला! पण तेव्हापासून कुणीही आलं की मी आधी पाण्याचं भांडं पुढे करते. तुला मघाशी दिलं ते उगाच नव्हे.

गणपतीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात लेझीम घेऊन असे नाचले की पोरंसुद्धा बाजूला झाली. "आज वेडा शिमोन!" आणि रुसले की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. खाली यायचंच नाही. मी खालून हाक मारायची, हे वरून म्हणणार, "खांबावरचा साधू खाली उतरत नाही, ताई."

एक कार्ड मात्र त्यांनी कधी खिशात घातलेलं मी पाहिलं नव्हतं. डब्यात सगळ्यात तळाशी असायचं. वर लिहिलेलं, 'मंदिरातला म्हातारा'. मी विचारलं, तर झाकण लावून म्हणाले, "त्याला अजून वेळ आहे."

गेल्या वर्षी योएलच्या बायकोला दिवस राहिले. बातमी सांगताना शिमोनरावांनी मला घराण्याची गोष्ट सांगितली. आजोबा शिमोन, वडील योएल, हे शिमोन, मुलगा पुन्हा योएल. एकाआड एक. आता कुणाची पाळी, ते तूच बघ.

"मग सांगा ना मुलाला," मी म्हटलं.

"मागून नाव घेऊ? मग माझ्यात आणि त्या जादूगारात फरक काय?"

असं करत आठवा महिना सरला. योएलचा रविवारी फोन यायचा, हवा कशी, गुडघा कसा, संपला. हे खाली येऊन म्हणायचे, "आज विचारणार होतो." नवव्या महिन्यात एकदा बाकावर बसल्याबसल्या फोन हातात घेतला. "लावतो आता. काय होईल, नाही म्हणेल."

आणि मी, माझी जीभ कधी गप्प बसेल तर ना, मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "फोनवर का नाव सांगतात? मूल होऊ दे. बारा दिवस असतात की हातात. बारशाला जा, पाळण्यापाशी समोरासमोर सांगा. कुठला मुलगा नाही म्हणतो बघू!"

त्यांना पटलं. नगरला त्यांच्यातही पाळणा सजवून बारसं करतात, चर्चमधला बाप्तिस्मा नंतर. योएलचं तसंच झालेलं, माझ्या नातीचं पुण्यात तसंच. आम्हां दोघांना दुसरं माहीतच नव्हतं.

मुलगा झाला. शिमोनरावांनी दहाव्या दिवसाचं तिकीट काढलं. मी डिंकाचे लाडू वळायला घेतले, जुन्या मऊ साडीचं झबलं शिवलं. तिसऱ्या दिवशी ते बाकावर आले, ते डबा न घेता. मी लाडू सोडून तशीच गेले, तर माझ्यापुढे फोन धरला. फोटोत गोंडस पोर, आणि खाली नाव. थिओ.

"ठेवलंसुद्धा?" मी म्हटलं. "बारशाआधी?"

अंजली कामावर निघाली होती. ती थांबली. "आई, इथे हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधी फॉर्म भरून घेतात. जन्माच्या दाखल्यावर नाव लागतं. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. माझे हात तुपाचे होते, ते मी पदराला पुसत राहिले. शिमोनराव उठले. "आज खांबावरचा," एवढंच म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

चार दिवस खाली उतरले नाहीत. पाचव्या दिवशी मी गॅलरीखाली जाऊन उभी राहिले. बर्फ पडून गेलेलं, पोस्टमन पेट्या उघडत होता. मी वर तोंड करून ओरडले, "शिमोनराव, चूक माझी! मी तुम्हाला फोन करू दिला नाही!"

"ऐकू येत नाही," वरून.

"ऐकू येत नाही तर उत्तर कसं देताय?"

पोस्टमन हात थांबवून बघायला लागला. मी म्हटलं, बघू दे. "लाडू करून ठेवलेत! बाळंतिणीला न्यायचेत! तिकीट वाया घालवाल तर बघा!"

वर खुर्ची सरकली. मग वरून आवाज आला, "किती आहेत?"

"पन्नास!"

"बॅग लहान आहे माझी."

गेले. लाडू घेऊन गेले, झबलं घेऊन गेले. तीन आठवडे बाक रिकामा. मी येता-जाता बघायची आणि दुसरीकडे तोंड करायची. मनात एकच, या माणसाचं हक्काचं एक नाव होतं, ते माझ्या शहाणपणापायी गेलं.

परत आले त्या सकाळी मी गेले, पण बसायचा धीर होईना. उभ्याउभ्याच विचारलं, "आज कोणता?"

त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मंदिरातला म्हातारा.

"हा शिमोन," ते म्हणाले, "देवाने कबूल केलेल्या एका लेकराची वाट बघत म्हातारा झाला. एक दिवस आईबाप लेकराला मंदिरात घेऊन आले. त्याचं नाव त्याआधीच ठेवलेलं होतं, मालूताई. आठव्याच दिवशी. याला कुणी विचारलं नव्हतं. मी आयुष्यभर ती गोष्ट वाचली, हे कधी लक्षातच आलं नाही. त्याने नाव ठेवलं नाही. त्याने नुसतं मूल हातात घेतलं, आणि म्हणाला, देवा, आता मला शांतीने जाऊ दे."

मी बसले मग.

"योएलला सांगितलं का?"

"शेवटच्या दिवशी. तो म्हणाला, बाबा, एक फोन करायचा होतात."

मी विचारलं, "माझं नाव सांगितलंत?"

"तुमचं कशाला? म्हटलं, मी खांबावर होतो." आणि माझ्या हातातलं कार्ड परत घेत म्हणाले, "रूथ गेल्यापासून सहा वर्षं होतो. तेही खरंच."

थिओ यांच्या छातीवर झोपतो म्हणे, दुसऱ्या कुणाकडे इतका वेळ टिकत नाही. सून म्हणाली, "ही लाइक्स यू, बाबा." ते वाक्य त्यांनी मला चारदा ऐकवलं, दर वेळी तिच्या आवाजात. आता दर महिन्याला जातात. डबा घरीच असतो. खिशात तेच एक कार्ड, कोपरे वळलेत त्याचे. मी आता विचारत नाही आज कोणता म्हणून.

घे, चहा निवतोय. लाडू खा, त्यांच्या नातवाच्या वाढदिवसासाठी केलेत त्यातलाच. आणि हे बघ, थंडी जराशी ओसरली की लवकर ये, बाळाला घेऊनच ये. बाकावर शिमोनरावही असतील. तुझ्या त्या मेसेजमधलं नाव मी अजून नीट वाचलेलं नाही, चष्मा सापडत नव्हता म्हण हवं तर. आल्यावर सांग. आधी त्याला माझ्या हातात दे.