शरदिनीबाईंचा अर्धा डाव

दुर्गाघाटच्या विष्णुशास्त्रींनी बायकोच्या, शरदिनीबाईंच्या, तेराव्याला निर्माल्याबरोबर एक ताईतही गंगेत सोडला. बोटाच्या पेराएवढा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. बाई तो संगणकाशेजारी जिवापाड जपत. असली वस्तू केरात टाकायची नसते, एवढं शास्त्र शास्त्रीबुवांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणक लावला. बाई दुपारभर त्यावर बुद्धिबळ खेळत बसायच्या. त्यांचा शेवटचा डाव अर्धवट राहिला होता. तो एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. पण पडद्यावर अक्षरं आली: ‘चावी जोडा’.

“काका, काळ्या धाग्यातलं ते कुठंय?” बँकेतून आलेल्या पुतणीने, हिमानीने, विचारलं.

“तो ताईत? विसर्जन केला. समंत्रक.”

“अरे भगवान! डोंगल होतं ते, संगणकात खोचायची चावी! कोणी खेळाची चोरून कॉपी करू नये म्हणून कंपनी देते. त्याच्याशिवाय खेळ खुलतच नाही.”

शास्त्रीबुवा घाटावर धावले. नावाड्याने सहा बुड्या मारून दोन तांबे आणि दातांची एक कवळी वर काढली. “पंडितजी, इसमें से चाबी कौन-सी है?”

कंपनीला फोन केला, तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “जुनी चावी परत पाठवा, नवी देऊ.”

“जुनी गंगेत आहे, बाई.”

“मग तसं लेखी आणा.”

“कोणाकडून? गंगेकडून?”

फोन बंद झाला.

“आता एकच रास्ता,” हिमानी म्हणाली. “क्रॅक टाकू, म्हणजे चावीशिवाय खेळ उघडतो. नेटवर फुकट मिळतं.”

“म्हणजे चोरीचंच ना? नक्कल केलेली सीडी आणली म्हणून माझ्या विद्यार्थ्याला जिन्यावरून परत पाठवणारी बाई ती!” शास्त्रीबुवा उठून निघाले. मग दारातूनच म्हणाले, “टाक. पाप माझ्या नावावर.”

खेळ उघडला. यादीत एकशे बारा डाव होते. प्रत्येकापुढे दोनच नावं: शरदिनी आणि विष्णु.

“काका, तुम्ही खेळायचात?”

“कधीच नाही गं. ती रोज बोलवायची. मला पूजेचे यजमान असायचे.”

दोन्ही बाजूंनी बाई एकट्याच खेळल्या होत्या, आणि घरी नसलेले विष्णुशास्त्री एकशे अकरा वेळा सपशेल हरले होते. म्हातारा हसायला गेला आणि ढसाढसा रडला.

हिमानीने शेवटचा डाव उघडला. “काका, ह्यात तर तुम्ही जिंकताय! चाल तुमचीच आहे. घोडा हलवला की मात.”

“मग डाव संपेल?”

“हो, संपणारच.”

“घोडा राहू दे. ते कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे कर.”

तिने केलं.

“आता तिची पाळी,” शास्त्रीबुवा म्हणाले, आणि खुर्ची ओढून समोर बसले.