डावा पारवा

टेबलावर एक शाल, एक कॅमेरा, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, शाईच्या चार बाटल्या आणि फोटोकागदाचे वीस ताव होते. शिवाय रंग मोजायचं एक यंत्र होतं, मुठीएवढं. ते मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन दिवसांच्या बोलीवर मागून आणलं होतं.

"तासाभरात फोटो देते," मी ताईला म्हणाले. "रंग म्हणजे शेवटी तीन आकडे. शालीचे तीन, कागदाचे तीन. जुळवले की झालं."

"झालं का?" ताई म्हणाली.

ताई लोकर स्वतः रंगवते आणि शाली विणते. त्यासाठी नोकरी सोडून तिला आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत 'झालं' या शब्दावरचा तिचा विश्वास पार उडाला होता. शालींचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे गिऱ्हाईक अल्बम बघून रंग निवडतं, शाल मागाहून येते. गेल्या खेपेला ताईनं कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून फोटो छापून घेतला होता. त्या स्टुडिओत सगळ्यांनाच गोरं करून मिळतं. त्यानं शालही गोरी केली. परिणामी आठच्या आठ शाली परत आल्या, सोबत चिठ्ठी: 'फोटोतली वेगळी, ही वेगळी.' बाईंनी आता शेवटची संधी दिली होती. एक शाल, एक फोटो. तो पटला तर मोठी ऑर्डर, नाहीतर राम राम.

म्हणून मी. पदार्थविज्ञानाची पदवी, पहिला वर्ग.

शालीच्या चार घड्या करून मी रंग मोजला, वहीत लिहिला, फोटो काढला आणि छापला. प्रिंटरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कागद बाहेर सोडला.

"ही कुणाची शाल?" आईनं विचारलं.

"माझीच," ताई म्हणाली. "फोटोत तिला मार लागलाय."

शाल करडी होती. फोटोतली जांभळी होती, दारावर आपटलेल्या कोपरासारखी. यंत्र लावलं. फरक १४.२. हा आकडा कसा वाचायचा ते सांगते: एकच्या आत असेल तर माणसाला कळत नाही, दोनपर्यंत खपून जातं, पाचला शेजारीण बोलून दाखवते. चौदाला शेजारीण बोलतच नाही, नुसती बघते.

पुढचे सहा ताव मी विज्ञानाच्या नावानं खर्ची घातले. निळी शाई कमी केली तर शाल विटकरी झाली. लाल कमी केली तर शेवाळ धरलं. आठव्या तावाला दोष सापडला. रंग सुधारायचं काम लॅपटॉपही करत होता आणि प्रिंटरही. दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच भाजीत मीठ घातलं होतं. मी प्रिंटरची सुधारणा बंद केली. फरक ४.१.

"आता जमलं," आई म्हणाली.

"पारवा नाही हा," बाबा म्हणाले.

बाबांनी तीस वर्षं डेपोत बसगाड्या रंगवल्या आहेत. रंगाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो. पहिला आणि मधलाही त्यांचाच असतो.

"पारवाच आहे," ताई म्हणाली. "शाल मी रंगवलीय, नाव मी ठेवलंय."

"नाव ठेवल्यानं पारवा होत नाही. पारवा म्हणजे मानेचा रंग."

"मानेवर हिरवं असतं हो," आई म्हणाली. "पारवा म्हणजे पाठ."

"पाठीवर काळे पट्टे असतात. पोट म्हण."

"पोट कोण बघतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्र घेऊन गॅलरीत गेले. कठड्यावर तीन पारवे बसले होते. यंत्र रंगाला टेकवल्याशिवाय मोजत नाही. पारव्यांना ते मान्य नव्हतं. मी आत येऊन हात धुतले.

संध्याकाळपर्यंत सोळावा ताव निघाला. फरक १.६. शाल आणि फोटो शेजारी ठेवले तर कुठला लोकरीचा हे हात लावून बघावं लागत होतं. ताईनं दोनदा हात लावला. दुसऱ्यांदा चुकून फोटोला, आणि हे तिच्या बाबतीत टाळ्यांच्या बरोबरीचं आहे.

"पाठव लगेच," ती म्हणाली.

"शाई वाळेपर्यंत रंग सरकतो. सकाळी कुरिअरवाल्याला बोलावू."

मी सोळावा ताव टेबलावर वाळत ठेवला. शेजारी पहिला, मार लागलेला तावही ठेवला. चुका जपून ठेवाव्यात, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. कुठं जपून ठेवाव्यात, ते शिकवत नाहीत.

सकाळी ताई लोकर आणायला गेली होती, आई फोनवर होती, मी अंघोळीला. मी डोकं पुसत बाहेर आले, तर टेबलावर सोळावा ताव तसाच होता.

"बाबा, कुरिअरवाला आला नाही?"

"येऊन गेला. दिला फोटो पाठवून."

"हा तर इथंच आहे."

"तो मळकट होता. चांगला होता तो दिला."

मी टॉवेलसकट जिना उतरून फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर दूधवाला होता आणि एक कुत्रं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कुरिअरवाला कुणीच दाखवला नाही.

वर आले तेव्हा बाबा खुर्चीत उजवा डोळा मिटून बसले होते. तीन आठवड्यांपूर्वी त्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा थेंब सांगितले होते. डावा डोळा अजून व्हायचा होता.

"बाबा, पाकिटात फोटो घालताना कुठला डोळा उघडा होता?"

"हा काय प्रश्न झाला? थेंब उजव्यात घातलेत. डावाच असणार."

मी पहिल्या तावाचे वहीतले आकडे घालून लॅपटॉपवरच्या फोटोला तोच जांभळा रंग दिला, शेजारी वाळलेला सोळावा ताव धरला आणि त्यांना एकेका डोळ्यानं बघायला लावलं. मोतीबिंदूचा डोळा चहाच्या गाळण्यासारखा असतो, निळं अडवतो आणि बाकीचं पिवळसर करून आत सोडतो. त्यातून जांभळी शाल करडी दिसत होती, आणि करडी शाल मळकट. डाव्या डोळ्याचं काहीच चुकलं नव्हतं. मग त्यांनी उजवा उघडला.

त्यांनी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "मी याच डोळ्यानं बसगाड्या..." ते म्हणाले.

"तेव्हा मोतीबिंदू नव्हता," मी म्हणाले.

"शेवटची दोन-चार वर्षं असेल," ते म्हणाले आणि पुन्हा थेंबाची बाटली शोधायला लागले.

ताई आल्यावर मी सगळं सांगितलं. ती पिशवी खाली न ठेवता ऐकत होती.

"आठ शाली परत आल्या तेव्हा मी रडले नव्हते," ती म्हणाली. "आताही रडत नाही. फक्त बाबांना सांग, आज माझ्याकडे कुठल्याच डोळ्यानं बघू नका."

मग तिनं दुकानात सात वेळा फोन लावला. पाकीट उघडू नका, दुसरं पाठवते, एवढंच सांगायचं होतं. बाईंनी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. ताईनं स्पीकर चालू केला, मार खायचाच तर सगळ्यांनी मिळून खाऊ म्हणून.

"अहो, कसला रंग आहे हा," बाई म्हणाल्या. "तेवीस वर्षांत माझ्या अल्बममध्ये असा आलेला नाही. मी भिंतीवर लावलाय. कालपासून चार जणींनी विचारलं. तीस शाली द्या."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरकडे पाहिलं.

"पण हं, हुबेहूब फोटोसारखा. मागच्यासारखं झालं तर मात्र आपलं जमायचं नाही. नाव काय या रंगाचं?"

ताईची नजर खोलीभर फिरून बाबांवर थांबली. "डावा पारवा."

"डावा म्हणजे?"

"म्हणजे पारवाच. दुसऱ्या अंगाचा."

"छान आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग ताईनं बाह्या वर केल्या. "प्रोफेसर, त्या पहिल्या कागदाचे तुझे ते तीन आकडे काढ. आता लोकर त्यांना जुळवायची आहे."

आकडे वहीत होते. यंत्राची मुदत उलटून गेली होती. प्रयोगशाळेतल्या सरांचे दोन फोन येऊन गेले होते, ते मी घेतले नव्हते, आणि हे मी अभिमानानं सांगत नाही.

न्हाणीघरात बादल्या मांडल्या. पहिल्या बादलीतल्या लोकरीचा फरक ९.८ आला. तिसरीत ६.१. पाचवीत बाबांनी कुणालाही न विचारता चमचाभर लाल टाकला, तेव्हा ताई ओरडणार होती, पण मोजल्यावर ३.० निघाला, म्हणून तिनं त्यांना स्टूल आणून दिलं. सातव्या बादलीतली लोकर पूर्ण वाळल्यावर चार घड्या करून मी तीन ठिकाणी मोजली.

सरासरी फरक १.४.