मौजे करंजटोला येथील टारट

मनुष्याला जन्मतः बसता येत नाही. बसायला तो सहाव्या महिन्यात शिकतो. त्या वेळी घरच्यांना इतका आनंद होतो, की हे ज्ञान पुढे सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येणार नाही, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. इंग्रजांच्या राज्यात साहेबासमोर खुर्चीत बसण्याची परवानगी ज्याला असे, त्याला कुर्सीनशीन म्हणत. अशा भाग्यवंतांची छापील यादी असे. यादीबाहेरच्यानं साहेबासमोर उभं राहायचं, आणि उभं राहायला मिळालं म्हणून आभार मानायचे. व्यवस्था अतिशय न्याय्य होती. सगळेच बसले असते तर साहेब ओळखायचा कसा?

मौजे करंजटोल्याचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, टेकचंद यादीत नव्हते. बाकी त्यांच्याकडे सगळं होतं. साडेचारशे एकर धानाची जमीन, दोन तलाव, एक घोडा (चालणारा), एक बंदूक (न चालणारी), आणि रुख्मिणी नावाची पत्नी, जिच्या हातच्या चिरोट्यांसाठी चिचगडपर्यंतचे सोयरे कारण काढून मुक्कामाला येत. घरात सागवानी खुर्च्याही सहा होत्या. पण आपल्या खुर्चीत आपण बसणं याला बसणं म्हणत नाहीत, हे टेकचंदांना पक्कं ठाऊक होतं.

शिवाय नाल्यापलीकडचे मालगुजार श्यामलाल यादीत होते. त्यांच्या वडिलांनी एका साहेबाच्या मेलेल्या कुत्र्याला चुन्याचं थडगं बांधून दिलं होतं. सन १९२५च्या दौऱ्यात श्यामलाल दोन तास चाळीस मिनिटं बसले आणि टेकचंद तितकाच वेळ त्यांच्या मागे उभे राहिले. घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

"काऊन जेवत नाही जी?" रुख्मिणीनं विचारलं.

"त्यायच्या जवर कुत्र्याचं थडगं आहे वं," टेकचंद म्हणाले. "आपल्या जवर काय आहे?"

त्यांना खरोखरच फार वाईट वाटत होतं. माणसाचे पाय दुखले तर तेल चोळता येतं. हे दुखणं पायाचं नव्हतं.

पुढच्या वर्षी वैशाखात साहेब वाघाच्या शिकारीला येणार, अशी बातमी आली. तिच्यामागून दुसरी आली, आणि ती अधिक महत्त्वाची होती. गावच्या शाळेचे मास्तर केशोराव, म्हणजे पंचक्रोशीतलं एकमेव इंग्रजी, तालुक्याहून ऐकून आले की साहेब फार दुःखी आहे. हिंदुस्थानात अठरा वर्षं काढली. राज्य मिळालं, वाघ मिळाले, पण फळांचं धड टारट म्हणून मिळालं नाही. खालची पोळी वाळल्या पानासारखी मोडली पाहिजे, मध्ये गार साय, वर ताजी फळं. जो देईल त्याला साहेब विसरणार नाही.

टेकचंदांनी त्याच संध्याकाळी समिती नेमली.

समितीत पाच पंच, केशोराव, आणि तज्ज्ञ म्हणून खुशाल. खुशालनं गोंदिया जंक्शनवर साहेबलोकांच्या भोजनगृहात तीन वर्षं बशा धुतल्या होत्या. टारट त्यानं प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, मात्र ते संपल्यावर बशीला काय चिकटून राहतं याचा त्याच्याइतका अभ्यास जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता. (सरकारी कामात याहून कमी अनुभवाची माणसं तज्ज्ञ म्हणून घेतलेली आहेत.)

पहिल्या बैठकीत पंचांनी मूळ मुद्दा काढला. टारट हे कच्चं अन्न की पक्कं? तुपातलं ते पक्कं, ते परक्याच्या हातचंही चालतं. पाण्यात शिजलेलं ते कच्चं, ते आपल्या जातीतलंच हवं. आता या पदार्थात पीठ भिजवायला पाणी लागतं आणि वरून लोणी. लाटलं, घडी घातली, पुन्हा लाटलं, की एक थर पक्का, त्याखालचा कच्चा, त्याखालचा पुन्हा पक्का. असा पदार्थ धर्मशास्त्रात कुठेच बसेना. तीन दिवस चर्चा झाली. खाणारा साहेब असताना आपल्याला हा प्रश्न का पडावा, असं केशोरावांनी एकदा विचारलं, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की साहेबाला देण्याआधी पंच चाखणार नाहीत काय? केशोरावांनी चूक कबूल केली. शेवटी पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवावं, म्हणजे वरपासून खालपर्यंत पक्कंच पक्कं, असा ठराव एकमतानं झाला. या कार्यात समितीकडून झालेलं काम म्हणून एवढंच सांगता येईल, आणि ते लहान नाही.

मग खुशाल कामाला लागला. वैशाखातलं ऊन, घोरपडसुद्धा बिळातून डोकं काढेना, अशा भर दुपारी अंगणात भट्टी पेटवून तो लोणी लाटू लागला. पहिलं टारट वाकेना. दुसरं सरळ होईना. तिसऱ्यातलं लोणी पीठ सोडून पाटावरून खाली उतरलं आणि कुत्र्यानं चाटलं. चौथं पंचांनी चाखलं आणि उत्तम आहे म्हणाले, पण त्यात एका पंचाचा दात निघाला. नागपूरहून रेल्वेनं बर्फ मागवला. गोंदियाला गाडीतून उतरला तेव्हा भुशात गुंडाळलेला मणभर होता. बैलगाडीतून करंजटोल्यास पोहोचला तेव्हा ओलं पोतं होतं. पोत्याला रीतसर हार घालण्यात आला, कारण हार आधीच आणून ठेवला होता.

हे सगळं रुख्मिणी ओसरीच्या दारातून पाहत होती. पाचव्या टारटाच्या वेळी तिला राहवेना.

"कायले हलाकान होऊन राहिले जी? लोनी पहिले थंड करा, मंग लाटा. चिरोट्याले असंच तं करतो आमी. अन् हे काम पहाटचं हाय, दुपारचं नाही."

समितीनं या म्हणण्याची नोंद 'घरातून आलेली सूचना' अशी केली आणि ती फेटाळली. दुसऱ्या दिवशी खुशालनं हेच शब्द आपले म्हणून मांडले, तेव्हा ते एकमतानं मंजूर झाले. मंजुरीनंतर प्रश्न उरला तो करायचं कोणी. तज्ज्ञानं स्वतः करणं बरं दिसत नाही असं खुशालचं मत पडलं, आणि काम ज्या दिशेनं सूचना आली होती त्या दिशेला गेलं.

रुख्मिणीनं ठराव वगैरे काही केला नाही. लोण्याचा गोळा पितळी डब्यात घालून रात्रभर विहिरीत पाण्यालगत सोडला. चांदणी मावळायच्या आत उठली. दुधात पीठ भिजवलं, ते जरा मुरू दिलं, धानाच्या कोठीतल्या थंड फरशीवर लाटलं, लोणी पसरलं, घडी घातली, ओल्या फडक्यात गुंडाळून पुन्हा विहिरीत. असं चार वेळा. हात गरम वाटले की माठात बुडवायचे. लहान लहान पाऱ्या ताटल्यांत बसवून त्या पातेल्यात ठेवल्या, खाली निखारे, झाकणावर निखारे. झाकण काढलं तेव्हा प्रत्येक पारी बोटभर फुगली होती आणि पापुद्रे मोजता येत होते. आत घोटलेली गार साय, तिच्यावर आंब्याच्या फोडी, जंगलातून आणलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, सोलून, आणि मूठभर काळी चारं, चारोळीची. पंचांनी चाखून पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहू लागले तेव्हा रुख्मिणीनं ताट आत नेलं, म्हणून साहेबाला उरलं.

साहेबाचा तंबू अमराईत होता. टेबल, त्यामागे साहेब, बाजूला खुर्चीत श्यामलाल. त्यांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी. टेकचंद ताट घेऊन टेबलाजवळ उभे राहिले आणि त्या खुर्चीकडे न पाहण्याचा प्रयत्न करू लागले.

साहेबानं टारट मोडलं. कर्र असा आवाज झाला. साहेबानं खाल्लं, आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. दुसरं खाल्लं. तिसरं खाताना त्याचे डोळे जरा ओलावले, असं पाहणारे सांगतात. श्यामलाल बसल्या जागी चुळबुळ करू लागले.

"ये किसने बनाया?" साहेबानं विचारलं.

प्रश्न सोपा होता. उत्तर दोन हातांवर, कनातीमागे बैलगाडीत बसलं होतं. टारटं वाटेत हलू नयेत म्हणून रुख्मिणी ताटं मांडीवर घेऊन आली होती. पण बायकोचं नाव नवऱ्यानं चारचौघांत घेऊ नये, ही आपल्याकडची जुनी आणि फार सोयीची रीत आहे. टेकचंदांना ती नेमकी त्या क्षणी आठवली. शिवाय नाव ज्याचं सांगावं, खुर्ची त्याचीच होणार.

"हुजूर, मैंने बनाया."

"तुम? अपने हाथ से?"

"अपने हाथ से, हुजूर. खानदानी काम है."

साहेबानं त्यांना फेट्यापासून जोड्यापर्यंत न्याहाळलं. दोन महिन्यांच्या दौऱ्यात त्यानं चारशे फेटे पाहिले होते, आणि त्यांच्यातला फरक ओळखायची त्याची एक सोपी रीत होती. बसलेला तो मालगुजार. टेबलाशी ताट घेऊन उभा तो खानसामा. त्यानं खिशातून कागद काढला, नाव विचारून तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या, सही केली आणि टेकचंदांच्या हातात दिला. टेकचंदांनी तो कपाळाला लावला.

कनातीमागे रुख्मिणीनं सगळं ऐकलं. तिला वाईट वाटलं. समितीच्या कागदांत याचा उल्लेख नाही.

संध्याकाळी चावडीवर सगळा गाव जमला आणि कागद केशोरावांच्या हाती दिला गेला. त्यांनी तो आधी मनात वाचला. मजकूर असा होता: 'धारक टेकचंद हा उत्तम खानसामा आहे. हात स्वच्छ, स्वभाव नम्र. टारट पहिल्या प्रतीचं करतो. चोरी करताना आढळला नाही. कोणाही साहेबानं बेलाशक ठेवून घ्यावा.'

केशोरावांनी कागदावरून नजर उचलून शाळेकडे पाहिलं. शाळेचं छप्पर मालगुजारांच्या कृपेवर होतं, आणि पावसाला सहा आठवडे होते. मग ते खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब लिहितात की टेकचंद अतिशय नम्र आणि निष्कलंक गृहस्थ असून कोणत्याही साहेबाच्या दरबारी यांस जागा मिळावी!" (भाषांतर चुकीचं होतं असं कोणालाही सिद्ध करता येणार नाही.) गावानं जयजयकार केला. शाळेला कौलं मिळाली. कागद काचेच्या चौकटीत बसून बैठकीच्या भिंतीवर गेला.

हिवाळ्यात साहेबाचा मोठा मुक्काम कामठ्याच्या वाटेवर पडला. टेकचंद नवा फेटा बांधून, चौकट बगलेत धरून, बसायला निघाले. मुख्य तंबूसमोर खुर्च्यांची ओळ होती, तीत श्यामलालही होते. टेकचंदांनी त्यांच्याकडे पाहून मान किंचित हलवली, बरोबरीच्या माणसानं हलवावी तशी. चपराशानं चौकट आत नेली, बाहेर आणली, आणि टेकचंदांना मोठ्या आदरानं म्हणाला, "पीछे चलो."

मागे स्वयंपाकाचा तंबू होता.

तिथे बड्या खानसाम्यानं चौकट वाचून त्यांना मिठी मारली, बसायला एक बुटका वेताचा मोढा पुढे सरकवला आणि सांगितलं, उद्या बारा साहेबलोक जेवायला आहेत. बाहेर जाऊन 'मी मालगुजार आहे' म्हणावं, तर कागद खोटा ठरतो, आपण खोटे ठरतो, आणि हे सगळं श्यामलालसमोर. न म्हणावं, तर उद्या बारा टारटं. विचार करता करता ते मोढ्यावर बसले. सरकारी मुक्कामात ते प्रथमच बसले होते, हे इथे नोंदवलं पाहिजे.

सामान आणतो सांगून ते दिवस मावळता घरी पोहोचले आणि थेट चुलीपाशी गेले. आजवर ते तिथे गेले नव्हते.

"लोनी कितीदा थंड करते वं तू?"

रुख्मिणीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कोठं बसवलं तुमाले?"

"तंबूत. आतमधी."

"खुर्चीवर?"

"मोढ्यावर."

ती हसली नाही. हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. मग तिनं पितळी डबा खाली काढला.

"सरका जी. माह्या हातचं आहे ते."

तेव्हापासून दर हिवाळ्यात मुक्काम पडला की टेकचंद पहाटे टारटांची ताटं घेऊन निघत आणि संध्याकाळी परत येत. साहेब त्यांना सोडतच नाहीत, आतल्या तंबूत दिवसदिवस बसवून ठेवतात, असं गाव अभिमानानं सांगे, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. श्यामलाल तर बाहेरच बसत. रुख्मिणीला दर वर्षी एक लुगडं मिळे, आणि टारटात तिचीही थोडी मदत असते, हे टेकचंद मोकळ्या मनानं मान्य करत.

असे लोक आता राहिले नाहीत, हे बरंच झालं. आता याद्या गेल्या, साहेब गेले, खुर्च्या सर्वांना मोकळ्या झाल्या. आपणही हे बसूनच वाचत असाल, कोणाच्या परवानगीशिवाय. आतून पोळपाटाचा आवाज येत असेल तर येऊ द्या, वाचनात व्यत्यय आणू नका. पाहुणे आले, ताट रिकामं झालं आणि कोणी विचारलंच, तर सांगालच की: "आमच्याकडे असंच करतो आम्ही."