गाडी बदलण्याचे कारण

यंत्र जुनं होतं आणि माणूस अनुभवी होतो. सुसंस्कृत कुटुंबाचा सगळा कारभार या एका तत्त्वावर चालतो, आणि आमचं कुटुंब तर फारच सुसंस्कृत आहे. आमच्याकडे माणसाविरुद्ध तक्रार दाखल करून घेतली जात नाही. ती त्याच्या जवळच्या वस्तूवर नोंदवली जाते. आजोबांना ऐकू येईनासं झालं तेव्हा आम्ही रेडिओ तीनदा दुरुस्त केला. मावशी गॅसवर भांडी विसरायला लागली तेव्हा तिला जाड बुडाची भांडी आणून दिली (भांडी उत्तम टिकली, स्वयंपाकघर नंतर रंगवून घ्यावं लागलं). लेकी बोले सुने लागे, असं जुने लोक म्हणत. पण त्यात निदान लेकीला तरी बोलावं लागतं. आमची पद्धत त्याहून सभ्य आहे.

तेव्हा बाबांना दोन वर्षांपासून नीट दिसत नाही, ही बाब आमच्या घरी 'गाडी आता जुनी झाली' अशा शब्दांत मांडण्यात आली.

गाडी एकोणीस वर्षांची आणि बाबा सत्त्याहत्तरचे. पंपांच्या कारखान्यात त्यांनी एकोणचाळीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. त्यांची सही झाल्याशिवाय एकही पंप दाराबाहेर पडला नाही. अशा माणसाला तुम्हाला दिसत नाही हे कोण सांगणार? मी म्हणालो, मी मुलगा आहे. बायको म्हणाली, मी सून आहे. ताई फोनवरून म्हणाली, मी तर दुसऱ्या गावात आहे. तिन्ही कारणं सबळ असल्याने मंजूर झाली.

मग रीतसर तक्रारी सुरू झाल्या, पण समोर तपासनीस बसला होता. बाबांनी जुन्या डायरीत रकाने आखले: तक्रार, तपासणी, निष्कर्ष. दिवे मंद झालेत, असं मी म्हणालो (संध्याकाळी ते कुंपणात घुसले होते). त्यांनी दिवे उतरवले, पुसले, परत बसवले आणि गाडी भिंतीसमोर उभी करून उजेड पाहिला. निष्कर्ष: दोष नाही. पुढची काच धुरकट झालीय, असं बायको म्हणाली. त्यांनी काच बदलली. ब्रेक उशिरा लागतात, असं ताई म्हणाली. त्यांनी मोकळ्या मैदानात खडूची रेघ ओढली आणि बरोबर रेघेवर गाडी थांबवून दाखवली. निष्कर्ष: दोष नाही. (रेघ आली, हे शेजारी बसलेल्या आईने सांगितलं.)

दोन वर्षांत एकूण तक्रारी सतरा झाल्या. त्यांतल्या सोळा फेटाळल्या गेल्या. सतरावी, म्हणजे मागच्या दाराची मूठ तुटल्याची, तेवढी खरी निघाली. त्या मुठीवर आम्ही फार आशा ठेवून होतो. मागच्या दाराला मूठ नसलेली गाडी चालवणं कसं जिवावर बेतू शकतं, यावर मी जेवताना बराच वेळ बोललो. बाबा म्हणाले, मागे कोण बसतं?

तेही खरंच. मागे बसायची आमची कोणाची छाती नव्हती.

शेवटी मेकॅनिकला मध्ये घातलं. त्याने गाडी स्वतः चालवून पाहिली आणि एकदम ठणठणीत आहे म्हणाला. मग बाबांनी त्याला शेजारी बसवून एक फेरी मारून आणली. उतरल्यावर तो थोडा वेळ गाडीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, गाडी बदलाच आता." त्याला आमच्याच घराण्यातला समजायला हरकत नाही.

आता तुम्ही विचाराल, की मग दोन वर्षांत मोठा अपघात कसा झाला नाही? याचं सगळं श्रेय आईकडे जातं. आईला गाडी चालवता येत नाही, पण ती पुढे बसून गप्पा मारते. "सिग्नल लाल झाला वाटतं." "ही बाई रस्ता किती सावकाश ओलांडते, नाही?" "गेली एकदाची." ऐकणाऱ्याला वाटावं, जुन्या जोडप्याचा संसार किती गोड आहे. पण 'किती सावकाश'ला बाबा ब्रेक दाबत आणि 'गेली एकदाची'ला सोडत. घसा बसला असेल त्या दिवशी आई डोकं दुखतं म्हणायची आणि कोणी बाहेर पडायचं नाही. सुरक्षिततेची याहून स्वस्त यंत्रणा अजून बाजारात आलेली नाही.

पण ताईचं पाठीचं ऑपरेशन ठरलं. आईला तिच्याकडे तीन आठवडे राहायला जायचं होतं आणि तिकीट सोमवारचं निघालं. म्हणजे सोमवारपासून गाडीला दिवे असणार होते, ब्रेक असणार होते, नवी काच असणार होती, फक्त आई नसणार होती. बाबा रोज सकाळी पोहायला जातात, आणि तलावाचा रस्ता शाळेवरून जातो. शाळा भरायची आणि त्यांची पोहण्याची वेळ एकच. मला भीती वाटली. हे तुम्हाला सरळ सांगतो, कारण तुम्ही माझे बाबा नाही.

योजना ताईची. बाबांना नव्या गाड्यांच्या वेबसाइट दाखवायच्या. त्यांना एखादी आवडली, की जुनी लगेच विकायची. नवी यायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यात आई परत येईल आणि पुढचं पुढे बघता येईल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात ताईचा हात धरणारं कोणी नाही.

शनिवारी सकाळी मी सहज गप्पा मारता मारता लॅपटॉप उघडला, आणि मला मान्य करावं लागेल, की या वेबसाइट म्हणजे मानवजातीवर उपकार आहेत. एक वेबसाइट दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून ब्याण्णव मुद्द्यांवर त्यांची तुलना करते (ब्याण्णवावा मुद्दा: पेला ठेवायची खाच). दुसरीवर आपल्या गाडीचा नंबर टाकला की तिची योग्यता कळते. आमचा नंबर टाकल्यावर तिने भंगारवाल्याचा पत्ता दिला. तिसरीवर गाडीमालक आपली गाऱ्हाणी मांडतात. तिथे बाबांनी दुपारपर्यंत चौदा जणांना सल्ले दिले, मी टाइप केले, आणि संध्याकाळी अनोळखी लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले. आमचा घात केला तो चौथ्या वेबसाइटने. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. मागच्या दाराची मूठ तिथे सापडली. विकणारा दोन गल्ल्या सोडून राहत होता, तो स्वतः येऊन बसवून गेला. सतरावा निष्कर्ष: दोष नाही.

मी हात टेकले. दोन वर्षांच्या प्रयत्नांनी आम्ही गावातली सर्वांत निर्दोष गाडी तयार केली होती.

रविवारी ताईने पाचव्या वेबसाइटचा पत्ता पाठवला. जुनी द्या, नवी घ्या. माझ्यात फार जीव उरला नव्हता, पण अर्ज उघडला. पडद्यावर एका वेळी चारच शब्द मावत होते, एवढी अक्षरं मोठी केलेली (लॅपटॉपचा पडदा लहान आहे, असं आमच्यात ठरलं होतं). मी वाचत गेलो, बाबा सांगत गेले. नाव. वय. गाडीचं वय. मग आलं: गाडी बदलण्याचे कारण. खाली पर्याय होते. गाडी जुनी झाली. दुरुस्ती परवडत नाही. कुटुंब वाढले. इतर.

मी पहिल्यावर टिचकी मारणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला.

"खोटं भरू नकोस. गाडीत दोष नाही. सतरा तपासण्या झाल्यात."

"मग काय भरू?"

"इतर. आणि पुढे लिही, चालकाला दिसत नाही."

स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला. मी लिहिलं. शुद्धलेखनही सांभाळलं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं तू मला लाल-हिरवा सांगतेस. मला काय वाटलं असेल, तुला रंगांची हौस आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं? सगळे गाडीचंच विचारत होते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मीही गाडीच तपासत होतो. दर वेळी वाटायचं, या खेपेला सापडेल दोष."

आईने हातातला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. मला रडू आलं. दोन वर्षांत जो प्रश्न आम्हा तिघांना विचारता आला नाही, तो त्या वेबसाइटने पहिल्याच भेटीत विचारला होता. उत्तरही तिने लगेच दिलं: धन्यवाद! आपल्या गरजेनुसार तीन गाड्या निवडल्या आहेत. चालवून पाहण्यासाठी आजच या.

सोमवारी आईला रेल्वेत बसवून दिलं आणि मी बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. एक डोळा सुधारेल म्हणाले. दुसऱ्याची वेळ गेली, वर्षभर आधी दाखवला असता तर वाचला असता. मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "इतके दिवस करत काय होता तुम्ही?"

मी खरं तेच सांगितलं. गाडी दुरुस्त करत होतो.

तेव्हा तुमच्या घरात सध्या कोणती वस्तू सारखी बिघडते आहे, ते एकदा बघून ठेवा. आणि या महिन्यात तुमच्या मुलांनी शेजारी बसून, फार प्रेमाने, तुम्हाला एखादी उपयोगी वेबसाइट दाखवली असेल, तर ती वस्तू कोणाची आहे तेही बघा.