नत्थूभाऊचं गिऱ्हाईक

हातातला माल सोडून गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे टक लावून बघणारा दुकानदार लाखनीत एकच, आमचा शेजारी नत्थूभाऊ. बाया चिडायच्या. हा म्हणायचा, "चेहरा पाहून राहिलो बाई. गिऱ्हाईकाच्या मनात काय आहे, ते पायलं पायजे न!"

मन पाहून हा महाशय करायचा काय, तर दंतमंजन! कोळसा, मीठ, तुरटी, कापूर. नोकरदारांसाठी उंच डब्यात, कास्तकारांसाठी पुडीत, हायवेवरच्या ट्रकवाल्यांसाठी लवंग घालून. माल तोच, नुसते कपडे वेगळे. एकदा नेणारा दुसऱ्यांदा फिरकत नसे. की हा पुन्हा खलबत्ता घेऊन बसे. डोकं फिरलेला माणूस, दुसरं काय!

आणि घरात बायको शेवंता दात घासायची गुडाखूनं, तंबाखू-गुळाच्या त्या काळ्या लगद्यानं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी हिणवायचो, "मंजनवाल्याच्या घरातच मंजन खपत नाही, गावात काय खपणार?" तो नुसता मान खाली घालून कुटत राही.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्यानं मला लेबल लिहायला बोलावलं. नवं मंजन काळं, चिकट, गुडाखूसारख्याच चपट्या डबीत.

"दात चमकतात, असं लिहू?"

"नोका लिहू, गुरुजी. लिहा, डोक्यात झिणझिण्या येतात."

मी खो खो हसलो. "अरे येड्या, तंबाखू घातलीस की काय?"

"नाही जी. गूळ जाळला, मिरं टाकलं. वास तसाच येते."

"असलं मंजन घेणार कोण?"

"गिऱ्हाईक एकच आहे," तो म्हणाला. "शेवंताच्या गालात गाठ आली. डाक्टर म्हणते, गुडाखू सोडा. ती आयकत नाही. साऱ्या गावाचे चेहरे पायले गुरुजी, पन तिचं मन काही समजून नाही राहिलं."

मघाशी हसताना दाखवलेल्या माझ्याच दातांची मला लाज वाटली. लेबल तो म्हणाला तसंच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता विहिरीवर दात घासत होती. हातात नवी डबी. दाराआड नत्थूभाऊ, तीच टक लावून.

"काय शेवंताबाई, येतात का झिणझिण्या?"

ती पचकन थुंकली. "कायच्या झिणझिण्या, गुरुजी! राख आहे राख. मले काय गुडाखू समजत नाही?"

"मग घासता कशाला?"

दाराकडे न बघता तिनं पुन्हा डबीत बोट घातलं. हळूच म्हणाली, "ते पाहून राहिले न."