गणित तिसऱ्या तासाला

हटवार सरांच्या लक्षात माणसांची नावे राहत नाहीत, विषय राहतात. बाजारात भाजी घेताना ते समोरच्या बाईला विचारतात, "काय वो संपूर्ण हिंदी, वांगे ताजे आहेत ना?" एसटीच्या कंडक्टरला ते "ए संयुक्त संस्कृत" म्हणून हाक मारतात, आणि ज्याला संस्कृतचा एक श्लोक धड येत नाही असा तो कंडक्टर तिकिटाचे यंत्र बाजूला ठेवून त्यांना नमस्कार करतो. नववीला कोणती भाषा निवडली, अकरावीला पीकशास्त्र घेतले की भूगोल, ही त्यांच्या लेखी माणसाची जन्मभराची ओळख. एकदा तर भर सभेत त्यांनी एका बड्या अधिकाऱ्याला "या, चित्रकला, या, इकडे बसा" म्हणून खुर्ची दिली होती.

मला मात्र ते "परसरामजी" म्हणतात. 'जी'सकट!

याचा मला किती अभिमान होता, हे समजण्यासाठी माझी थोडी ओळख आवश्यक आहे. मी अर्जनवीस. राहणार आसगाव, तहसील कचेरीच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली माझे टेबल वीस-बावीस वर्षांपासून आहे. माझ्या प्रत्येक अर्जात 'सबब' हा शब्द किमान चार वेळा येतो. त्याहून कमी आल्यास साहेब लोक अर्ज वाचत नाहीत अशी माझी समजूत आहे. जास्त आला तरी वाचत नाहीत असा अनुभव आहे. शिक्षणाबद्दल कोणी विचारल्यास "गणिताशी आमचे तात्त्विक मतभेद झाले" एवढेच सांगतो. वस्तुस्थिती अशी की, मी आठवीत शाळा सोडली. तेव्हा मी हटवार सरांच्याच वर्गात होतो, पण इतक्या वर्षांत ते मला विसरले असणार, असे मी धरून चाललो होतो. ते मला सोयीचेही होते.

सर आता आमच्या हायस्कुलाचे पर्यवेक्षक आहेत. वेळापत्रक तेच बनवतात. घरी त्यांच्याकडे प्लायवूडचा एक मोठा फळा आहे. त्याला खिळे, खिळ्यांना टांगलेले रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे, एका विषयाला एक रंग. जूनमध्ये काकू जेवायला बोलावतात तेव्हा आतून उत्तर येते, "थांब, नववी ब ले भूगोल मिळून नाही राहिला!"

त्याच दिवसांत दाखल्यांसाठी पालकांची गर्दी होते, आणि सर माझ्या बाकड्यावर येऊन बसतात व एकेका पालकाला गाठतात.

"पोरीले अकरावीले काय देऊन राहिले?"

"सायन्स म्हणते, सर."

"ते म्हणते का तुम्ही म्हणता?"

"...मीच म्हणतो."

"मंग तुम्हीच घ्या ना ॲडमिशन!"

परंतु सरांच्या ज्या विक्षिप्तपणाला सारा तालुका हसतो, तो वेगळाच. दर वर्षी शाळा उघडली की पहिले दोन तास चित्रकला, खेळ, कार्यानुभव. गणित तिसऱ्या तासाला. पोळा झाला की सारे पूर्ववत. "हटवार सराचं उलटं वेळापत्रक" म्हणून लोक चेष्टा करतात. त्या चेष्टेत अस्मादिकांचाही वाटा मोठा होता. "अतिशिक्षणाने असे होते" असे माझे मत मी टेबलावर बसून अनेकांना ऐकवले आहे.

यंदा नवे मुख्याध्यापक आले. सकाळी मुलांचे डोके ताजे असते, सबब गणित पहिल्या तासाला, असे त्यांनी ठरवले. वेगळे करायचे असल्यास लेखी कारण द्या, म्हणाले. त्याच दुपारी सर माझ्याकडे आले.

"परसरामजी, एक अर्ज लिहून द्या. गणित तिसऱ्याच तासाले राहू द्या म्हणून."

"कारण?"

सर कडुनिंबाकडे पाहू लागले. "टाका ना काही. तुमच्या दोन-चार सबबी टाका."

मी टाकल्या. सूर्याची तिरपी किरणे, दमट हवा आणि बालकाचा मेंदू यांच्या संबंधावर मी पाऊण पान भरले. सरांनी ते वाचून परत केले.

"हे खोटं होय."

"मग खरं सांगा, सर."

ते चष्मा काढून पुसत बोलले. "माहं नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. आठवीचं गणित पहिल्या तासाले. एक पोरगा पहिला तास अर्धा झाला की यायचा. पाय चिखलानं भरलेले. धान लावाचे, रोवणीचे दिवस. सकाळी मायसंगं वावरात, बांधीत, धानाचे पऱ्हे उपटून येत होता. पण मी कधी विचारलंच नाही ना, काहून उशीर होते म्हणून. रोज दाराबाहेर उभा ठेवला. दीड महिना. मंग एक दिवस तो दारापाशीबी आला नाही."

मी पेनाला टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. ते पाय माझे होते.

"त्याच्या पुढच्या साली पहिल्यांदा वेळापत्रक माह्या हाती आलं," सर म्हणाले. "पण तुमचा विषय लिवाचा राहूनच गेला, परसरामजी. निवडीच्या फॉर्मपर्यंत तुम्ही आलेच नाही. मंग कोणत्या नावानं हाक मारू?"

म्हणजे ज्या 'जी'ला मी मानपत्र समजत होतो, तो एक रिकामा रकाना होता.

मी नवा कागद घेतला. 'रोवणीच्या दिवसांत काही मुले सकाळी बांधीत काम करून उशिरा शाळेत पोचतात. त्यांचे गणित बुडते. ते बुडू नये.' एकही 'सबब' न येता अर्ज संपला. खाली पुरावा म्हणून लिहिले : 'अर्जलेखक, आठवी नापास, समक्ष हजर राहण्यास तयार.'

सरांनी सवयीने खिशातून लाल पेन काढला. "नापास नाही. परीक्षेले तुम्ही बसले कुठं? 'अपूर्ण' लिवा."

मी खोडून 'अपूर्ण' लिहिले.

मुख्याध्यापकांनी मला खरोखरच बोलावले. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले.

"आता येतं का गणित?"

"नाही साहेब. कागदाचा समाससुद्धा अंदाजानेच सोडतो."

ते हसले, आणि अर्जावर 'पोळ्यापर्यंत' असे लिहून सही केली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलाभोवती चार-पाच पक्षकार उभे होते. रस्त्यापलीकडून सरांची हाक आली, "काय मराठी प्रथम भाषा, चहा घेता का?"

पक्षकार माझ्याकडे बघू लागले. तो विषय निवडावा लागत नाही, सगळ्यांनाच असतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी उठून उभा राहिलो.

"हजर, सर," म्हणालो.